अंबेचा राग पण दाखवा की
रोमान्स कॉमिक्सच्या या चर्चेत वर एका ताईंनी लिहिलंय की त्यात राक्षसांचा राजा मुलीला उचलून नेतो, कोंडून ठेवतो आणि पुढं तिचं त्याच्यावर प्रेम बसतं, तर फँटसीच आहे, एवढं मनाला काय लावून घ्यायचं. ताई, मला नाही पटलं. इकडं कोल्हापुरात राजारामपुरीत क्लासच्या पोरी हीच कॉमिक्स मोबाईलवर वाचतात, माझी मामेबहीण पण, आणि त्या काय बावळट नाहीत, त्यामुळं बंदच करा म्हणणाऱ्यांच्या बाजूची पण मी नाही. राग आहे तो मांडणीचा. दाराला कुलूप, किल्ली त्याच्याकडं, आणि लगेच पुढच्या पानावर गुलाबी बॅकग्राउंड, फुलं उडतायत, तो बिचारा किती एकटा आहे वगैरे, म्हणजे तिची भीती दोन फ्रेममध्ये उरकायची आणि त्याचं दुःख पानंच्या पानं.

आपल्याकडं पण पळवून नेण्याच्या गोष्टी आहेतच की. रुक्मिणीनं स्वतः कृष्णाला निरोप धाडला होता, मला घेऊन जा म्हणून. आणि काशीच्या अंबेला भीष्मानं स्वयंवरातून उचललं, तिचं मन शाल्वावर, परत पाठवलं तर त्यानं पण नाकारलं, शेवटी पुढच्या जन्मी शिखंडी होऊन ती भीष्माच्या मरणाला कारण झाली. महाभारतानं तिचा राग झाकला नाही. मनुस्मृतीत सुद्धा रडणाऱ्या मुलीला जबरदस्तीनं नेण्याला राक्षस विवाहच म्हटलंय.

दार उघडं असताना ती आपणहून थांबते का, हे दाखवल्याशिवाय मी तरी त्याला रोमान्स म्हणणार नाही. असं नीट लिहिलेलं कुणी वाचलं असेल तर नाव सांगा, बहिणीला द्यायचंय.