किडनीतली गाठ ४.६ सेंमी आणि पार आत, रोबोटने किडनी वाचवता येते का?

तासगावची_लेक
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. बाबा ६१ वर्षांचे, शुगर १४ वर्षांपासून, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.५, म्हणजे थोडं वाढलेलं. पोट फुगतंय म्हणून सोनोग्राफी केली तर उजव्या किडनीत गाठ निघाली, मग कॉन्ट्रास्ट सीटी, ४.६ सेंमी, आणि ती बाहेर आलेली नाही, पार आत रक्तवाहिन्यांना खेटून बसलीय. इथल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं अख्खी किडनी काढा, एका किडनीवर माणूस आरामात जगतो. पुण्याला दुसरं मत घेतलं तर ते म्हणाले रोबोटने गाठ तेवढी काढायचा प्रयत्न करू, फाइलवर 'रीनल स्कोअर १०पीएच' लिहिलंय. घरात दोन तट पडलेत. काका म्हणतात रोबोट म्हणजे पैसे उकळायचे धंदे, आणि कॅन्सर आत राहिला तर काय? कोणाचं झालंय का हे ऑपरेशन?

ओटी_सिस्टर
ताई, मी १२ वर्षं युरोलॉजीच्या, म्हणजे किडनी-मूत्रमार्गाच्या, ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. तो रीनल स्कोअर म्हणजे गाठ तेवढी काढणं किती अवघड त्याचे गुण, ४ ते १२ असतो, १० पासून पुढे सगळ्यात अवघड गट, पी म्हणजे गाठ मागच्या बाजूला, एच म्हणजे मुख्य धमनीला किंवा शिरेला टेकलेली. रोबोट स्वतः काही करत नाही, सर्जनच कन्सोलवर बसून हात चालवतात. आत दडलेली गाठ वरून दिसत नाही, किडनी अगदी गुळगुळीत दिसते, म्हणून सोनोग्राफीचा छोटा प्रोब आत सोडून किडनीवर फिरवतात आणि गाठीची हद्द आखून घेतात. मग धमनीला बुलडॉग क्लॅम्प, म्हणजे रक्त थांबवणारा छोटा चिमटा. तो लागला की मी मोठ्याने मिनिटं सांगते, पाच, दहा, पंधरा, तेवढा वेळ किडनीला रक्त नाही, त्यामुळे साधारण २५ मिनिटांच्या आत गाठ कापून आतून टाके घालून क्लॅम्प सोडायचा अशी धडपड असते. रोबोटचा खरा उपयोग तिथे, हत्यारं मनगटासारखी वळतात म्हणून खोल कोपऱ्यातले टाके पटपट पडतात.

पण किडनी ओपन, म्हणजे मोठा छेद घेऊन नेहमीचं ऑपरेशन करूनही वाचवता येते हे काकांना सांगा. भांडण रोबोटचं नाहीच, किडनी ठेवायची की नाही याचं आहे. आणि बाबांचं १.५ हे दोन किडन्या असताना आहे, दुसरीलाही शुगर लागलेलीच आहे ना. सर्जनना एवढंच विचारा की अशा दहा किंवा वरच्या स्कोअरच्या गाठी तुम्ही किती केल्यात आणि त्यातल्या कितींची ऐनवेळी किडनी काढावी लागली.

पिंपरीकर५२
माझी झालीय, २०२३ मध्ये, डावी, ५.१ सेंमी. कॅन्सर राहण्याची भीती मलाही होती, पण गाठीभोवती निरोगी भागाची पातळ कड घेऊन कापतात आणि ती कड पॅथॉलॉजीत तपासतात, माझी क्लिअर आली. संमतीपत्रावर लिहिलेलंच असतं की आत धोका दिसला तर पूर्ण किडनी काढू, ती ओळ वाचून बायको रडली होती, आधीच समजावून ठेवा. ड्रेनची पिशवी तिसऱ्या दिवशी काढली, चौथ्या दिवशी घरी.

आता जे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं ते सांगतो. अकराव्या दिवशी सकाळी लघवी लालभडक झाली. मी दुपारपर्यंत पाणी पीत बसलो, ही चूक करू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. कापलेल्या जागी धमनीला फुगा आला होता, मांडीतून तार घालून कॉइलने बंद केला. किडनी टिकली, क्रिएटिनिन १.१ चं १.३ झालं आणि तिथेच आहे.

विम्याचं म्हणाल तर आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) २०१९ च्या नियमांनुसार रोबोटिक सर्जरी पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही, पण कंपनी लिमिट लावू शकते. माझं लिमिट कमी निघालं आणि वरचे पैसे भावाने भरले. पॉलिसीत तो आकडा आत्ताच शोधा.

तासगावची_लेक
दोघांचे खूप आभार, सगळं काकांना मोठ्याने वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्पच बसले आणि मग म्हणाले सीटीची सीडी घेतलीस का. गुरुवारी पुण्याला निघतोय. बाबांचा प्रश्न एकच, ऑक्टोबर छाटणीला द्राक्षबागेत उभं राहता येईल का?

ओटी_सिस्टर
उभं राहू देत, सावलीत खुर्ची टाकून. पाठीवरचा फवारणी पंप मात्र सर्जन हो म्हणेपर्यंत उचलू देऊ नका.