मदत हवी आहे: उंच हेवीवेटच्या टप्प्यात बुटका बॉक्सर शिरतो कसा?

नमस्कार मंडळी. हेवीवेट बॉक्सिंग बारकाईने बघणारे, आणि स्वतः ग्लोव्ह्ज घातलेले कुणी इथे असतील तर मदत हवी आहे.

ओलेक्सांद्र उसिक आणि टायसन फ्युरी यांच्या रियाधमधल्या दोन्ही लढती (18 मे 2024 आणि 21 डिसेंबर 2024) परत परत बघतोय. फ्युरीची उंची 206 सेंमी, हातांचा पल्ला 216. उसिकची उंची 191, पल्ला 198. दुसऱ्या लढतीला फ्युरी वजनातही सुमारे 25 किलोंनी जास्त होता. तरी दोन्ही वेळा उसिकच जिंकला. पहिल्यांदा निकाल विभागून लागला (दोन पंच उसिककडे, एक फ्युरीकडे), दुसऱ्यांदा तिन्ही पंचांनी 116-112 दिले. ज्याचे हात लांब तो अंतर ठरवणार, असं मी धरून चाललो होतो. इथे तर लहान हातांचा माणूस अंतर ठरवताना दिसतो, आणि नेमकं कुठे ठरवतो तेच मला सापडत नाही.

उसिक डावखुरा, म्हणून त्याचा उजवा हात पुढे. तो हात सारखा फ्युरीच्या डाव्या ग्लोव्हला शिवत असतो. त्याला ठोसा म्हणवत नाही, ढकलणंही नाही. हे अंतर मोजणं आहे की समोरच्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) अडवणं? आणि पहिल्या लढतीत चौथ्या ते सातव्या फेरीत फ्युरीचे अपरकट (खालून वर मारलेले ठोसे) मस्त बसत होते, म्हणजे तेव्हा अंतर त्याच्या ताब्यात होतं. मग नवव्यात उसिकच्या डाव्या हाताने फ्युरी दोरांवर भेलकांडला आणि रेफ्रीला मोजणी करावी लागली. मधे काय बदललं?

विचारायचं खरं कारण माझा भाचा. वरच्या वजनगटात खेळतो, उंची 5 फूट 9 इंच. समोर येणारी पोरं सगळी त्याच्याहून उंच. "मामा, मी पोचतच नाही," म्हणतो आणि सरळ आत धावतो, नाकावर जॅब खातो. पोरगा मेहनती आहे, मनापासून खेळतो. त्याला नक्की काय बघायला सांगू?

प्रतिसाद 1

दादा, आधी पल्ल्याचा आकडा डोक्यातून काढा. दोन्ही हात पसरून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत तो मोजतात. त्यात छातीची रुंदी आली, आणि ठोसा काही बोटांच्या टोकाने मारत नाहीत. 18 सेंटिमीटरचा फरक एका हाताला निम्मा येतो. अर्धं पाऊल नीट पडलं की तेवढा भरून निघतो.

तो पुढचा हात दोन्ही कामं करतो. डावखुरा आणि उजवा समोरासमोर आले की दोघांचे पुढचे हात आणि पुढची पावलं एकमेकांसमोर येतात. ग्लोव्हला ग्लोव्ह लागला की समोरचा किती लांब आहे हे डोळ्यांनी अंदाज न घेताही कळतं. शिवाय त्याच्या जॅबच्या वाटेत आपला हात असतो. कबड्डीत चढाई करणारा हात-पाय पुढे टाकून बचावफळी कुठवर सरकते ते चाचपतो, तसंच.

दुसरं म्हणजे हूल. उसिक खांदा हलवतो, गुडघा वाकवतो, पाऊल टाकल्यासारखं करून मागे घेतो. फ्युरी मागे झुकतो का, हात खाली आणतो का, हे तो बघून ठेवतो. काही जॅब मुद्दाम चार बोटं कमी टाकतो, म्हणजे समोरच्याला वाटतं हा इथूनच पोचत नाही. मग तोच जॅब अर्ध्या पावलासकट येतो. पुढचं उजवं पाऊल फ्युरीच्या डाव्या पावलाच्या बाहेर पडलं की डाव्या हाताला मधून सरळ वाट मिळते. भाच्याला सांगा, दोन फेऱ्या आवाज बंद करून फक्त दोघांची मिळून चार पावलं बघ. हातांकडे बघूच नकोस.

अपरकटचं सांगायचं तर, तो आत वाकून येणाऱ्यासाठीच असतो. मधल्या फेऱ्यांत उसिक त्याच वाटेने, त्याच उंचीला डोकं ठेवून येत होता असं मला दिसतं. नंतर तो फ्युरीच्या जॅबच्या शेवटी आत शिरायला लागला, हात परत जात असताना. मला तरी मुख्य बदल हाच वाटतो.

लांब हाताचा माणूस हुलीत अडकला तर काय होतं ते बघायचं असेल तर डुसेलडॉर्फची 28 नोव्हेंबर 2015 ची लढत लावा. तिथे अडकलेला व्लादिमिर क्लिच्को आणि हूल देणारा स्वतः फ्युरी. क्लिच्को वर्षानुवर्षं डावा हात लांब धरून माणसं जोखायचा, पण त्या रात्री कॉम्प्युबॉक्सच्या (लढतीतले ठोसे मोजणारी कंपनी) मोजणीत 12 फेऱ्यांत त्याचे जेमतेम 52 ठोसे लागले. अंतर पटेना, म्हणून हातच सुटेना.

प्रतिसाद 2

वरचं सगळं पटलं, पण भाच्याला उसिक दाखवू नका. उसिकही सहा फूट तीन इंच आहे आणि त्याचे पाय वेगळेच आहेत. 5 फूट 9 वाल्याने बॉक्सर जो फ्रेझरची मुहम्मद अलीशी झालेली लढत बघावी. 8 मार्च 1971, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अलीचा पल्ला उसिकएवढाच, 198. फ्रेझरचा 185 च्या आसपास. अली मागे झुकून ठोसा चुकवायचा. झुकल्यावर डोकं मागे जातं, पण पोट आणि पावलं तिथेच राहतात. फ्रेझर आधी पोट फोडत राहिला, आणि पंधराव्या फेरीत डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) अलीला खाली पाडलं.

आत धावायचं नाही, डोकं हलवत जॅबच्या खालून जायचं. ते सुटलं की काय होतं तेही दाखवा: टोकियो, 11 फेब्रुवारी 1990. बस्टर डग्लसच्या जॅबसमोर माईक टायसन सरळ येत राहिला आणि दहाव्या फेरीत संपला.

सरावात खांद्याच्या उंचीवर आडवी दोरी बांधा. तिच्या खालून डावीकडे-उजवीकडे जात पुढे सरकायचं, कंबरेत न वाकता गुडघ्यांत बसून. नजर समोर. खाली बघितलं की अपरकट आलाच.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. दोरी उद्याच बांधतो. एक राहिलं: तो कसाबसा आत पोचला की उंच मुलगा लगेच मिठी मारतो आणि मानेवर भार टाकतो. रेफ्री सोडवतो, परत लांबून सुरुवात.

प्रतिसाद 1

मिठी हाही अंतर ठरवायचाच प्रकार आहे. मॉस्कोत 2013 साली क्लिच्कोने पोवेत्किनला असंच हरवलं. पोवेत्किन आत आला की मिठी, वरून भार. शेवटी क्लिच्कोचा एक गुणही कापला गेला, पण लढत तोच जिंकला.

भाच्याने डोकं समोरच्याच्या हनुवटीखाली, छातीला लावून ठेवावं, म्हणजे मानेवर भार टाकता येत नाही. एक हात आतल्या बाजूने मोकळा ठेवून बरगड्यांवर छोटे ठोसे, रेफ्री "ब्रेक" म्हणेपर्यंत. आणि सुटताना सरळ मागे जायचं नाही, बाजूला निघायचं. सरळ मागे गेला तर तो परत त्याच जॅबच्या टोकावर उभा असेल.