गच्चीवर बाग करतेय: काय बियांपासून वाढवू, काय तयार रोप आणू?

गच्ची_नाशिक
नमस्कार मंडळी. यंदा आमच्या इमारतीची वरची गच्ची बागेसाठी मोकळी मिळाली आहे. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत चांगलं ऊन येतं, नंतर शेजारच्या इमारतीची सावली. मे संपत आलाय, पावसाच्या तोंडावर सुरुवात करायची आहे. मनात आहे ते असं: टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, मेथी, मुळा, दोडका, दसऱ्यासाठी झेंडू, आणि मोठ्या कुंड्यांत मोगरा, कढीपत्ता, लिंबू.

नर्सरीत गेलं की सगळं तयार मिळतं, पण सगळंच आणायचं तर खर्च बराच होतोय. शिवाय आईने गावाहून घेवड्याचं आणि घरच्या टोमॅटोचं बी फडक्यात बांधून पाठवलंय, ते लावायचंच आहे. कशात बी पेरण्यात अर्थ आहे आणि कशात वेळ फुकट जाईल, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

मातीवेडा
यादी छान आहे. माझं मत स्पष्ट आहे: कोथिंबीर, मेथी, मुळा, दोडका, घेवडा यांची रोपं विकत आणूच नका. मुळ्याचं सोटमूळ उपटताना दुखावलं की पुढे तो वेडावाकडा, फाटे फुटलेला निघतो. दोडक्यालाही मुळं हलवलेली आवडत नाहीत. ज्या कुंडीत वाढणार त्याच कुंडीत दोन-तीन बिया टोचा, जोमदार वेल ठेवा, बाकीचे कापून टाका. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात.

मेथी तीन-चार दिवसांत वर दिसते. कोथिंबिरीला आठवडा ते पंधरा दिवस लागतात, तेव्हा धीर सोडून माती उकरू नका. एका धण्यात दोन बिया असतात. चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून धणे दुभंगवा आणि मग पेरा.

टोमॅटो-मिरची मात्र आधी ट्रेमध्ये करायची. चार-पाच आठवड्यांत लावणीजोगी रोपं होतात. मिरची सुरुवातीला फार हळू चालते, दहा-बारा दिवस काहीच दिसत नाही. पाकीट घेताना उगवणीचा टक्का आणि मुदत बघा. सरकारी मानकात टोमॅटोच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के आणि मिरचीच्या ६० टक्के उगवण लागते, म्हणजे चांगल्या पाकिटातूनही सगळ्या बिया उगवणार नाहीत. रंगीत, गुलाबीसर बियाणं बुरशीनाशक लावलेलं असतं. हात धुवा आणि मुलांच्या हातात देऊ नका.

रोपवाटिका_उरळी
उरळी कांचनच्या पट्ट्यात माझी रोपवाटिका आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वरचं सगळं पटतं, पण पावसाळ्यात बी रुजवायचं म्हणजे कोलमड रोगाशी गाठ असते. काल टवटवीत दिसणारं रोप आज जमिनीलगत काळं पडून आडवं होतं. त्याला औषधापेक्षा शिस्त जास्त लागते. ट्रे थेट पावसात ठेवू नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत घ्या, जुन्या कुंडीतली माती नको. बी दाट पेरू नका, पाणी सकाळी द्या आणि वरचा थर थोडा सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नका. पत्र्याखाली भरपूर उजेड आणि वारा असेल अशी जागा मिळत नसेल, तर मिरची-टोमॅटोची चार-चार रोपं सरळ विकत घ्या. कुटुंबाला तेवढी पुरतात.

आता रोप बघायचं कसं. गिऱ्हाईक नेहमी सर्वांत उंच आणि फुललेलं रोप उचलतं. मी घरच्यांसाठी निवडतो ते बुटकं, जाड देठाचं, गडद पानांचं आणि अजून फूल न आलेलं. पिशवीतच फळ धरलेला टोमॅटो मुळं पसरायचं सोडून फळाच्या मागे लागलेला असतो. पिशवीच्या तळाच्या भोकातून मुळांचा झुबका बाहेर आला असेल तर ते फार दिवस तिथेच पडून आहे. पान उलटून बघा: मावा, पांढरी माशी, देठाच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण. एक रोगट रोप सगळी गच्ची बाधवू शकतं. घरी आणल्यावर आठ-दहा दिवस बाकीच्या झाडांपासून लांब, सावलीत ठेवा आणि मगच कुंडीत लावा. बुंध्याभोवती लाल चिकट मातीचा घट्ट गोळा असेल तर कडेने हळूच मोकळा करा, नाहीतर कुंडीतलं पाणी बाजूने निघून जातं आणि गोळा आतून कोरडाच राहतो.

मोगरा तयारच आणा. तो छाट कलमाने (फांदीचा तुकडा मातीत लावून) किंवा दाब कलमाने सहज होतो, बियांच्या वाटेला कोणी जात नाही. शेजारी जुना मोगरा असेल तर पावसाळ्यात जमिनीलगतची फांदी वाकवून मातीत दाबायला सांगा, फुकटात रोप मिळेल.

हिरवी_खिडकी
लिंबूही कलमच आणा. बियांपासून आलेलं झाड मूळ झाडासारखं निघत नाही, आंब्याचं होतं तसंच.

दापोली_परसबाग
हिरवी_खिडकी, आंब्याबद्दल अगदी बरोबर, पण कागदी लिंबाची गोष्ट वेगळी आहे. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून तयार झालेला, म्हणून कोय लावून आलेलं झाड हापूस देईलच असं नाही. म्हणूनच आमच्या कोकणात कोय कलमाला, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधण्याला, एवढं महत्त्व आहे. कागदी लिंबाच्या एका बीत मात्र बहुधा एकाहून जास्त गर्भ असतात आणि त्यातले बरेचसे निव्वळ आईच्या पेशींपासून बनलेले. एका बीतून दोन-तीन कोंब आले तर जोमदार कोंब बहुतेक वेळा आईसारखाच निघतो. म्हणून आपल्याकडे लिंबाच्या बागासुद्धा बियांच्या रोपांवर उभ्या राहिलेल्या आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं साई शरबती वाण माहीत असेल, त्याची रोपं बियांपासून करतात.

तरी गच्चीसाठी मीही कलमच सुचवेन, पण कारण वेगळं. बियांच्या लिंबाला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात, आणि ते काटेरी, उंच होतं. कुंडीत कलम आटोपशीर राहतं. कलमाचा सांधा मातीच्या वर राहील असं लावा आणि सांध्याखालून आलेला प्रत्येक फुटवा लगेच काढा. तो खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्याचा असतो, राहू दिला तर वरच्या लिंबालाच मागे टाकतो.

गच्ची_नाशिक
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! लिंबू आणि मोगरा तयार, भाज्या बियांपासून, हे ठरलं. मिरचीची चार रोपं आणते. तीन शंका राहिल्या. कढीपत्ता? झेंडू कधी पेरू, आणि गेल्या दसऱ्याच्या हारातल्या सुकलेल्या फुलांचं बी चालेल का? आणि आईच्या टोमॅटोचं बी पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येईल का?

दापोली_परसबाग
कढीपत्त्याचं बी ताजंच लागतं. पिकून काळं झालेलं फळ, गर काढून धुऊन लगेच मातीत. वाळवून ठेवलेल्या बीची उगवण झपाट्याने कमी होते. त्यापेक्षा ओळखीच्या झाडाच्या मुळांतून आलेला फुटवा मुळांसकट काढून आणा.

मातीवेडा
झेंडू जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा. तीन-चार आठवड्यांत रोप लावणीला येतं, लावणीनंतर साधारण दोन महिन्यांत फुलं. दसरा दरवर्षी मागेपुढे होतो, तेव्हा तारीख बघून उलट मोजा. लावल्यावर तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडलात तर फांद्या आणि फुलं जास्त, पण बहर थोडा पुढे जातो. हाराचं बी उगवतं. बाजारातली फुलं बरीचशी संकरित वाणांची असतात, त्यामुळे लहान, एकेरी पाकळ्यांचीही निघतील. तोरणासाठी हमखास टपोरी फुलं हवी असतील तर पाकीट घ्या.

आता टोमॅटो, आणि याबद्दल मला फार वाटतं. वर्षानुवर्षं घरीच बी धरलेलं असेल तर ते बहुधा सरळ (संकरित नसलेलं) वाण आहे, पुन्हा तसंच येईल. संकरित पाकिटाच्या फळातलं बी धरलं की पुढची पिढी फुटीर निघते, म्हणजे झाडं एकसारखी येत नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालचा पद्मश्री मिळाला तो असं गावरान बी जपल्याबद्दलच. तुमच्या आईने दिलेलं फडकं त्याच कामाचा भाग आहे, ते पूर्ण पेरून संपवू नका, निम्मं राखून ठेवा.

पुढचं बी धरायला पहिल्या बहरातलं, निरोगी झाडावरचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या. गरासकट बी वाटीत थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबू द्या, बीभोवतीचा बुळबुळीत थर सुटतो. मग धुऊन, तळाशी बसलेलं बी सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटतं, ताटलीत वाळवा. घट्ट झाकणाच्या डब्यात थोड्या कोरड्या राखेसोबत ठेवा आणि वर वर्ष लिहा. आणि आईला आत्ताच विचारून ठेवा, हा टोमॅटो उंच चढतो की झुडपासारखा राहतो. आधाराच्या काठ्या आणि कुंडीचं माप त्यावर ठरेल.