मदत हवी आहे : ऑपरेशननंतर आबा भ्रमात, हा डिलिरियम की डिमेन्शिया?

तापीकाठचा : घाईत लिहितोय, चुकलं तर समजून घ्या. आबांचं, म्हणजे वडिलांचं, वय ७६, खुब्याचं हाड मोडलं, जळगावला ऑपरेशन झालं, आज एकोणिसावा दिवस. ऑपरेशन चांगलं झालं पण दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपासून जे सुरू झालं ते अजून पूर्ण गेलेलं नाही. सलाईनची नळी हातात धरायचे आणि अंगठ्याने इंच इंच दाबत बसायचे, म्हणायचे ठिबक चोकप झालं, थेंब पडत नाही. रात्री दोनला उठून "लाईट उनी का, केळीले पानी लावनं शे". मला काकांच्या नावाने हाक मारतात, काकांना जाऊन आठ वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले डिलिरियम आहे, म्हणजे आजारपणात अचानक आलेला भ्रम, उतरेल. मेव्हणे मेडिकल लाईनमधले आहेत, ते म्हणतात हा डिमेन्शिया, म्हणजे हळूहळू स्मृती-बुद्धी जाण्याचा आजार, यातून माणूस परत येत नाही. खरं कोणाचं? एकातून दुसरं होतं का, मेंदूत होतं तरी काय? लवकर सांगा, इकडे धाकटा भाऊ आत्ताच जमिनीचं बोलायला लागलाय.

धुळ्याची सिस्टर : दादा, आधी हे सांगा. गोळ्या कोणत्या चालू आहेत, सगळ्या, झोपेची, सर्दीची, बीपीची पण. पडले तेव्हा डोकं आपटलं का? लघवी-संडास नीट होते का? चष्मा, कानाचं मशीन आहे का? आणि पडण्याआधी विसरायचे का? यातलं काहीच तुम्ही लिहिलं नाही.

अमळनेर_भाऊसाहेब : हे सगळं भुलीमुळे होतं. माझ्या सासऱ्यांना पूर्ण भूल दिली होती, माणूस पार बदलून गेला. कमरेतून इंजेक्शन द्यायला सांगायला पाहिजे होतं.

यावलकर : भाऊसाहेब, माझी आत्या कमरेच्या इंजेक्शनवरच होती, तिला पण असंच झालं. सरसकट भुलीवर ढकलू नका.

तापीकाठचा : भूल कमरेतूनच होती. गोळ्या बीपीच्या दोन, त्यातली एक लघवी वाढवणारी, रक्त पातळ करायची एक. रात्री ओरडतात म्हणून मेडिकलवाल्याने सर्दीची पिवळी गोळी दिली, झोप लागते म्हणाला, आठ दिवस देतोय. कानाचं मशीन आहे, ऑपरेशनच्या दिवशी काढून कपाटात ठेवलं, हरवायला नको म्हणून. आता तसे शांत आहेत, दिवसभर पडूनच असतात. विसरणं म्हणाल तर दीड वर्षापासून आहे, मजुरी दोनदा दिली, एकदा मळ्याचा रस्ता चुकले, वयामुळे असेल म्हणून लिहिलं नाही.

धुळ्याची सिस्टर : हेच तर महत्त्वाचं होतं! दीड वर्षापासून विसरत असतील तर मेंदू आधीपासून कमजोर असू शकतो आणि त्यावर हा डिलिरियम आलाय, म्हणजे डॉक्टर आणि मेव्हणे दोघांचंही थोडं थोडं बरोबर असू शकतं. शांत पडून आहेत म्हणून खूश होऊ नका, ओरडणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, गुपचूप पडलेल्याचा डिलिरियम सुटून जातो आणि तो जास्त वाईट. सर्दीच्या अशा गोळ्या मेंदूतलं ॲसिटाईलकोलीन नावाचं निरोप पोचवणारं रसायन अडवतात, लक्ष धरायला मेंदूला तेच लागतं. डॉक्टरांना आजच विचारा आणि ती बंद करा.

नंदुरबार_वैद्य : आपल्याकडे तापात बडबडणाऱ्याला वात झाला म्हणतात, ग्रंथात सन्निपात आहे. ब्राह्मी घृत आणि नाकात तूप, पंधरा दिवसांत फरक पडेल.

धुळ्याची सिस्टर : वैद्यबुवा, गुंगीतल्या माणसाच्या नाकातोंडात तूप गेलं तर ते फुफ्फुसात उतरतं. निमोनियाचे असे पेशंट मी सांभाळलेत. कृपा करून नको.

नंदुरबार_वैद्य : शुद्धीवर आल्यावर म्हणालो, आत्ता नाही.

चोपडा_वकील : जमिनीचं एवढंच सांगतो, करार कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे सही करताना माणूस समजून-उमजून निर्णय घेण्याच्या स्थितीत हवा. अशा अवस्थेत बक्षीसपत्र केलं तर पुढे कोर्टात टिकवायला जड जातं. भावाला थांबवा.

तापीकाठचा : वकीलसाहेब, ते नंतर बघतो. मेंदूत काय होतं ते कोणी सांगेल का?

जीवशास्त्र_सर : मी कॉलेजात शिकवतो, साध्या भाषेत सांगतो. हाड मोडलं, ऑपरेशन झालं किंवा लघवीत इन्फेक्शन झालं की सूज वाढवणारी रसायनं, सायटोकाईन, रक्तात सुटतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधलं कुंपण म्हातारपणी सैल होतं, मग निरोप आत पोचतो. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. डिमेन्शियाकडे चाललेल्या मेंदूत त्या आधीच चिडलेल्या असतात, त्यामुळे धडधाकट मेंदू जेवढं सहज सोसतो तेवढ्यानेच त्या वणव्यासारख्या पेटतात आणि शेजारच्या चांगल्या पेशींनाही झळ लागते. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या नेहमीच्या प्रकारात, ॲसिटाईलकोलीन बनवणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, त्यात ती पिवळी गोळी, म्हणजे विहिरीत पाणी कमी असताना मोटारही बंद केल्यासारखं. आता उलट बाजू. डिलिरियमच्या दिवसांत रक्तात न्यूरोफिलामेंट लाईट नावाचं प्रोटीन वाढलेलं सापडतं, ते मेंदूपेशींच्या तुटलेल्या धाग्यांचं असतं, म्हणजे आत खरी इजा होत असावी. फिनलंडमध्ये ८५ आणि त्यापुढच्या वयाच्या ५५३ जणांवर अभ्यास झाला, २०१२ साली छापून आला. डिलिरियम होऊन गेलेल्यांत पुढे डिमेन्शिया कितीतरी जास्त दिसला आणि मेल्यानंतर मेंदू तपासले तर त्या लोकांत नेहमीच्या अल्झायमरच्या खुणांशी डिमेन्शियाचा मेळ बसेना. तिथूनच अंदाज निघाला की डिलिरियमची डिमेन्शियाकडे नेणारी स्वतःची वेगळी वाट असावी. २०२४ ला ऑस्ट्रेलियातून सुमारे ५५ हजार जोड्यांची तुलना आली, जोडीतल्या एकाला डिलिरियम झालेला, दुसऱ्याला नाही, डिलिरियम झालेल्यांत डिमेन्शियाचा धोका तिप्पट आणि दर झटक्यागणिक साधारण २० टक्के आणखी. अर्थात यातल्या किती जणांना आधीच लपलेला डिमेन्शिया होता यावर जाणकारांत वाद चालूच आहे. आणि भाऊसाहेब, खुब्याच्याच १६०० पेशंटवर २०२१ ला तपासलं, कमरेची भूल असो की पूर्ण, डिलिरियम दोन्हीकडे साधारण २० टक्केच.

अमळनेर_भाऊसाहेब : आकडे असतील हो सर, सासरे मी डोळ्यांनी पाहिलेत. पण ठीक आहे.

भुसावळ_रेल्वे : ४४ डिग्री ऊन चाललंय, पाणी पाजा आधी, मीठ-साखर घालून दर तासाला. आमच्या आजीला त्यानेच बरं वाटलं.

धुळ्याची सिस्टर : थांबा, बीपीसोबत लघवीची गोळी चालू आहे, रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचं प्रमाण, उतरलं असेल तर नुसतं पाणी पाजून आणखी उतरेल. आधी रक्त तपासा, सोडियम, क्रिएटिनिन (किडनीसाठी), साखर, आणि लघवीची तपासणी. खुबा दुखतो, उठून जावं लागतं म्हणून म्हातारी माणसं स्वतःहून पाणी टाळतात, तेही विचारा. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असताना पडलेत, डोक्याचं कसं झालं हे तुम्ही अजून सांगितलं नाही. कवटीखाली हळूहळू रक्त साचून तीन आठवड्यांनी पण असाच भ्रम दिसतो.

तापीकाठचा : ओट्याच्या कोपऱ्यावर लागलं होतं, टेंगूळ आलं होतं. खुब्याच्या नादात डोक्याचा सीटी स्कॅन केलाच नाही.

धुळ्याची सिस्टर : आज करा. उद्यावर टाकू नका. कानाचं मशीन लावा, खिडकी उघडी ठेवा, कॅलेंडर समोर टांगा, घरातलंच एक माणूस रोज त्यांच्याजवळ बसू द्या. रोज एकदा महिने उलटे म्हणायला सांगा. इंग्रजी नको, फाल्गुन, माघ, पौष असे. किती वेळा अडकतात ते लिहून ठेवा, त्यावरून लक्ष कितपत धरवतं ते कळतं. स्मरणशक्तीची तपासणी मात्र आत्ता नको, तीन-चार महिन्यांनी करा, या अवस्थेत केली तर निकाल खोटा येईल.

तापीकाठचा : चार दिवसांनी लिहितोय. सोडियम १२१ निघालं, म्हणजे फारच कमी, लगेच ॲडमिट केलं, डॉक्टर हळूहळू वाढवताहेत, एकदम वाढवलं तर मेंदूला धोका म्हणाले. सीटीत रक्त नाही. लघवीची गोळी आणि ती पिवळी गोळी दोन्ही बंद. काल मशीन लावून महिने विचारले, आबा फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष म्हणत कार्तिकापर्यंत आले आणि थांबले. मग म्हणाले, "कार्तिकमा केळीनी लागन करी व्हती, ते साल कोनतं?" मला नावाने हाक मारली. रात्री मात्र परत लाईट आली का विचारत होते. सिस्टर, घरी आणल्यावर रात्री खोलीत झिरो बल्ब लावावा की अंधार ठेवावा?