इओसिनोफिल ८%: दमा असलेल्या मुलात याचा अर्थ काय?

प्रश्न: मूल ७ वर्षांचं, दमा आहे. रक्तात पांढऱ्या पेशी ९,०००, त्यात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ८%. धाप नसतानाही रोज स्टेरॉइडचा पंप कशासाठी?

प्रतिसाद १: टक्क्यांवर जाऊ नका, आकडा काढा. ९,००० चे ८% म्हणजे ७२०. साधारण ५०० च्या वर वाढलेलं धरतात. पण जंतांनीही वाढतं, तेव्हा शौचाची तपासणी करून घ्या. तोंडावाटे स्टेरॉइड चालू असेल तर आकडा कमी दिसतो.

प्रतिसाद २: अशा दम्याचं मूळ टीएच-२ पेशींत (ॲलर्जीला चालना देणाऱ्या पांढऱ्या पेशी) आहे. त्या सोडतात त्या आयएल-५ या संदेश देणाऱ्या प्रथिनावर इओसिनोफिल पोसतात. आयएल-४ या तशाच दुसऱ्या प्रथिनामुळे बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड बनवतात, ते मास्ट पेशींवर (ॲलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशी) चिकटून बसतं. धुळीतल्या माइटची (अतिसूक्ष्म किड्याची) विष्ठा श्वासात गेली की मास्ट पेशी मिनिटांत हिस्टामीन हे श्वासनळी आवळणारं रसायन सोडतात. इओसिनोफिल काही तासांनी येतात आणि श्वासनळीचं अस्तर खराब करतात. साल्बुटामॉल (धाप लागल्यावर घ्यायचं पंपातलं औषध) आवळलेले स्नायू सैल करतं, सूज तशीच राहते. ती स्टेरॉइडनेच उतरते, म्हणून रोज.

प्रतिसाद ३: स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) हवाच! पंप हलवा, एका वेळी एकच दाब, ५-६ शांत श्वास, शेवटी चूळ. चूळ टाळली तर तोंडात बुरशी येते. स्पेसर कोरड्या फडक्याने पुसू नका; स्थिर विजेमुळे औषध भिंतीलाच चिकटतं.