चारकोल पोर्ट्रेट सपाट दिसतंय: दिवा कुठे लावायचा?

रेघोट्या
ए३ कागदावर चारकोलने पोर्ट्रेट करतोय. साम्य येतं, नाकडोळे जागच्या जागी असतात, पण चेहरा भाकरीसारखा सपाट. खोलीत ट्यूबलाइट, डावीकडे खिडकी, भिंती पांढऱ्या. कधी समोर माणूस बसवून, कधी मोबाइलच्या फ्लॅशवर काढलेल्या फोटोवरून. जरा गडद केलं की गालांवर डाग पडल्यासारखे दिसतात. शेडिंगचा सराव वाढवू की उजेडच बदलू?

उत्तरखिडकी
आधी उजेड. ट्यूब आणि खिडकी दोन्हींच्या सावल्या एकमेकींना पुसतात, उरलीसुरली सावली पांढऱ्या भिंती उजळून टाकतात. समोर गोलाईच दिसत नसेल तर कागदावर कुठून येणार?

ट्यूब बंद, खिडकीला जाड पडदा. ९ वॅटचा एकच एलईडी बल्ब स्टँडवर, चेहऱ्यापासून चार-पाच फुटांवर, बाजूला साधारण ४५ अंश आणि डोक्याच्या अडीच-तीन फूट वर. आता नाकाच्या सावलीवर लक्ष ठेवून स्टँड सरकवा. ती सावली ओठाच्या कोपऱ्याकडे तिरकी उतरून गालाच्या सावलीला मिळाली आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरला की थांबा. या रचनेला डच चित्रकार रेम्ब्रांटचंच नाव पडलंय. बल्ब फार वर गेला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, हनुवटीखाली आला तर भुताचा चेहरा. फार जवळही नको: अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, त्यामुळे दीड फुटावरच्या बल्बने कपाळ पांढरंफटक आणि हनुवटी अंधारात जाते. सावलीच्या बाजूला दोन फुटांवर काळी चादर टांगा, भिंतीचा उजेड ती गिळते.

कागदावर वेगळा दिवा लागेल, पण आडोसा करून, मॉडेलवर न सांडणारा. तो प्रखर असला तर हात नकळत जास्त काळं करतो आणि चित्र बाहेरच्या खोलीत नेलं की कोळशासारखं दिसतं.

कोळसा आणि खडू
दिवा पटला. पण डाग त्याने जाणार नाहीत, ते क्रमामुळे पडतात. तुम्ही बहुधा डोळ्यापासून सुरुवात करून तुकड्यातुकड्याने शेडिंग करता.

डोळे बारीक करून बघा. चेहऱ्याचे दोनच भाग दिसतील, उजेड आणि सावली. त्यांची सीमा कपाळाच्या कडेवरून गालाच्या हाडावर, तिथून जबड्यापर्यंत सलग काढा. मग विलो चारकोलने (विलोच्या काडीचा मऊ कोळसा) सगळी सावली एकाच मध्यम करड्या टोनने भरा. डोळ्याची खोबण, नाकाचा खालचा भाग, वरचा ओठ, हनुवटीखालचा गळा, सगळं जिथे मिळतं तिथे मिळू द्या. वरचा ओठ खाली झुकलेला असतो म्हणून सावलीत, खालचा उजेड झेलतो. ओठांची बाह्यरेषा काढायची गरजच उरत नाही.

यापुढे एकच पथ्य: सावलीतला सर्वांत उजळ टोन उजेडातल्या सर्वांत गडद टोनपेक्षा काळाच राहिला पाहिजे. गालावरचे डाग म्हणजे उजेडातला मध्यम टोन सावलीइतका गडद झालेला. उलट चूक जबड्याखालच्या परावर्तित उजेडाची. तो दिसला की जास्तच उजळ काढायचा सगळ्यांना मोह होतो आणि जबडा पत्र्यासारखा चमकतो.

सर्वांत गडद पट्टा सीमेलगत सावलीच्या आत असतो, चेहऱ्याच्या बाहेरच्या कडेला नव्हे. नाकाची पडछाया नाकाशी धारदार आणि लांब जाताना मऊ. गालावर मात्र कडा विरघळलेलीच हवी. बोटाने घासू नका, त्वचेचं तेल कागदाला लागतं आणि तिथला कोळसा मग उठत नाही. जुनं सुती कापड बरं. चमक अगदी शेवटी, नीडेबल रबर (कणकेसारखं मळता येणारं खोडरबर) चिमटीत टोकदार करून: नाकाचा शेंडा, खालचा ओठ, बुबुळावरचा ठिपका. डोळ्याचा पांढरा भाग कोरा सोडलात तर डोळे बटणांसारखे बाहेर येतात.

तैलधार
बल्बऐवजी उत्तरेची खिडकी वापरणार असाल तर उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही हा युरोपातला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. मुंबई-पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही उत्तरेकडे असतो. ऊन मऊ करायला खिडकीवर ट्रेसिंग पेपर लावा.

पुढे तैलरंगात गेलात तर: खिडकीचा उजेड थंड, सावली त्यामानाने उबदार, पिवळ्या बल्बखाली उलटं. सावली बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीनने (गडद निळा) पातळ, उजेड जाड. सावळ्या त्वचेचा उजेड नुसता पांढरा मिसळून वाढवला की खडू फासल्यासारखा होतो. आधी यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), पांढरा बेताने. दिव्याचा उजेड अभ्यासायचा तर म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ बघा. ज्योत हाताआड आहे, बोटं आतून तांबूस पेटल्यासारखी दिसतात, आणि हे जलरंगात.

रेघोट्या
सावली आधी एकसंध भरून पाहिली, खरंच फरक पडला. फोटोचं काय?

कोळसा आणि खडू
फ्लॅशचा फोटो टाकून द्या. फ्लॅश लेन्सलगत असतो, सावल्या चेहऱ्यामागे लपतात. वर सांगितलेल्या एकाच बल्बच्या उजेडात नवा काढा. सावल्या आपोआप उजळणारा एचडीआर आणि ब्यूटी मोड बंद, उजेडातल्या गालावर बोट टेकवून एक्स्पोजर किंचित खाली. मोबाइल पाच-सहा फुटांवर ठेवून २एक्स झूम. दीड फुटावरून नाक फुगतं आणि कान मागे पळतात.