मांडीच्या हाडाचा ‘अटिपिकल’ अस्थिभंग : मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : हाडांच्या ठिसूळपणावर अलेंड्रोनेटसारखी औषधे अनेक वर्षे घेणाऱ्या काही रुग्णांचे मांडीचे हाड एका विशिष्ट तऱ्हेने मोडते. इंग्रजीत याला ‘अटिपिकल’, म्हणजे नेहमीच्या नमुन्यात न बसणारा, अस्थिभंग म्हणतात. रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात त्याला ‘दुर्मीळ’, ‘असामान्य’ की ‘अप्ररूपी’ अस्थिभंग म्हणावे?

उत्तर १ : ‘दुर्मीळ’ नको. हा भंग क्वचितच होतो आणि ही औषधे त्याहून कितीतरी अधिक अस्थिभंग टाळतात, हे खरेच. पण मूळ नाव पडले आहे ते भंगाच्या रूपावरून. ठिसूळ झालेले हाड सहसा पडल्यावर, खुब्यापाशी मोडते. हा भंग मात्र खुब्याच्या खाली, हाडाच्या लांब दांड्यात होतो : बाहेरच्या बाजूला आधी बारीक चीर पडते, तेथे हाड जाड होऊ लागते, आणि पुढे किरकोळ धक्क्याने, कधी नुसते चालतानाही, ते आडवे मोडते, चुरा जवळजवळ होत नाही. ही औषधे जुने हाड काढून टाकणाऱ्या पेशींना रोखतात. त्यामुळे झीज कमी होते, परंतु रोजच्या भाराने पडणाऱ्या सूक्ष्म भेगांच्या जागी नवे हाड भरण्याचे कामही मंदावते, असे यामागचे मुख्य कारण मानले जाते.

‘असामान्य’ला आपल्याकडे ‘असामान्य बुद्धिमत्ता’ अशी गौरवाची छटा आहे. ‘अप्ररूपी’ नेमका आहे, पण तो वैद्यकीय लेखातच शोभेल. पत्रकात मी ‘मांडीच्या हाडाचा वेगळ्या प्रकारचा अस्थिभंग’ असे लिहून पुढच्याच वाक्यात वेगळेपण सांगेन.

उत्तर २ : मला ‘अस्थिभंग’ या शब्दाचीच अधिक काळजी वाटते, कारण त्यातून हाड एका क्षणात मोडल्याचा अर्थ निघतो. प्रत्यक्षात अनेकांना आधी काही आठवडे किंवा महिने मांडीत अथवा जांघेत दुखत असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली दिलेल्या इशाऱ्यातही या दुखण्याकडे लक्ष वेधले होते. हाड पूर्ण मोडण्याआधीच्या या अपुऱ्या भंगासाठी ‘तडा’ हा शब्द आवर्जून वापरावा. ‘हाडाला तडा गेलेला असू शकतो, असे दुखू लागल्यास डॉक्टरांना लगेच सांगा, औषध मात्र स्वतःहून बंद करू नका’ हे वाक्य कोणालाही कळेल. दुसऱ्या मांडीच्या हाडालाही तडा असण्याचा संभव बराच असल्याने ‘दोन्ही मांड्यांचा एक्स-रे’ हे शब्दही त्यात हवेत.